‘पाण्यावर चालणारी गाडी’: एक शब्दप्रयोग आणि त्यामागील इंधनविचार

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याचे आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ असे जे परंपरागत विभाग मानले जातात, त्यांपैकी आंदर मावळाच्या तोंडाशी टाकवे बुद्रुक हे गाव वसलेले आहे. पुणे-मुंबई लोहमार्गावरील कान्हे स्थानकावरून उत्तरेस जाणारा रस्ता या गावातून पुढे खोऱ्यात शिरतो. गावनावातील ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’चे मराठी रूप असून त्याचा जोडीदार ‘खुर्द’ याच तालुक्यातील दुसऱ्या टाकव्याच्या वाट्यास आलेला आहे. ‘टाकवे’ या नावात लेण्यांजवळच्या पाण्याच्या टाक्याचा अंश शोधण्याचा मोह अभ्यासकास होतो. कार्ले, भाजे व बेडसे येथील खोदीव टाकी इतकी जवळ असता तो मोह स्वाभाविकही आहे. पण ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे, एवढे म्हणून तो येथेच आवरावा हे बरे.

या खोऱ्याच्या वरच्या अंगास आंद्रा नदी अडवून बांधलेले ठोकरवाडी धरण आहे. अलीकडे टाकव्याच्या परिसरात कारखानदारी आली, आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे वाहन-संशोधनाचे एक केंद्रही आले. एका बाजूस पाण्यापासून शक्ती निर्माण करणारा शंभर वर्षांपूर्वीचा जलाशय आणि दुसऱ्या बाजूस उद्याच्या मोटारगाडीचा विचार करणारी प्रयोगशाळा, अशा दोहोंच्या मध्ये हे गाव आहे. ‘गाडी पाण्यावर चालते’ या वाक्याचा इतिहास तपासण्यास याहून सोयीचे स्थळ सापडणे कठीण. गेल्या काही दशकांत हे वाक्य गॅरेजांतून, वर्तमानपत्रांतून व चारचौघांच्या गप्पांतून वारंवार ऐकू येते. पाण्यातील हायड्रोजन वेगळा काढून तो इंजिनात जाळावा, म्हणजे पेट्रोलचा खर्च वाचतो, असा त्याचा आशय. तो किती खरा व किती भ्रामक, याचे उत्तर रसायनशास्त्र देतेच. परंतु असा भ्रम पुनःपुन्हा का उद्भवतो, याचे उत्तर काही अंशी भाषेत व काही अंशी इतिहासात आहे.

प्रथम भाषेचा विचार करू. मराठीतील ‘-वर’ हे शब्दयोगी अव्यय निर्वाहाचे साधन दाखविते. माणूस भाकरीवर जगतो, बैल कडब्यावर राहतो, म्हातारा पेन्शनवर दिवस काढतो, मोटार पेट्रोलवर चालते. या सर्व उदाहरणांत ज्यावर निर्वाह चालतो ती वस्तू खर्ची पडते. पण ‘चक्की पाण्यावर चालते’ या वाक्यात तसे नाही. औरंगाबादच्या प्रसिद्ध पाणचक्कीत जेवढे पाणी येते तेवढेच बाहेर पडते; खर्ची पडते ती पाण्याची उंची, पाणी नव्हे. मराठीने हे दोन्ही संबंध एकाच अव्ययाने व्यक्त केले आणि व्यवहारात त्याने कधी अडले नाही, कारण चक्की पाणी ‘खाते’ असे कोणासही वाटले नाही. ‘पाण्यावर चालणारी मोटार’ या प्रयोगात मात्र पहिला अर्थ गृहीत धरला जातो. पेट्रोलच्या जागी पाणी ठेवले की वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ते तसे राहत नाही.

या वायूच्या नावाची कथा याहून बोलकी आहे. हेन्री कॅव्हेंडिश याने १७६६ मध्ये ‘ज्वालाग्राही हवा’ म्हणून त्याचे वर्णन केले. हा वायू जळला असता पाणी तयार होते हे सिद्ध झाल्यावर लाव्हाझिए व त्याचे सहकारी यांनी १७८७ च्या आपल्या रासायनिक परिभाषेत त्यास ग्रीक शब्दांवरून ‘पाणी उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचे नाव दिले. तेच आजचे ‘हायड्रोजन’. मराठीत शास्त्रीय परिभाषा घडू लागली तेव्हा ‘प्राण’, ‘नत्र’, ‘कर्ब’ यांच्या पंक्तीला या वायूसाठी ‘उज्ज’ हा शब्द आला. ‘उद्जन’ हाही पर्याय प्रचारात होता. ‘उद’ म्हणजे पाणी हे ‘उदधि’वरून परिचित आहे. ‘-ज’ हे उत्तरपद मात्र ‘जलज’, ‘अब्ज’, ‘पंकज’ यांप्रमाणे ‘पासून जन्मलेला’ असा अर्थ देते. म्हणजे ग्रीक नावाने ज्याला पाण्याचा जनक म्हटले, त्याला मराठी कानाने पाण्याचे अपत्य म्हणून ऐकले. ‘उद्जन’ या सामासिक शब्दाचा विग्रह तर दोन्ही प्रकारे करता येतो.

हा फरक केवळ वैयाकरणांच्या कौतुकाचा नाही. वायू पाण्याचा जनक असतो तेव्हा तो जळत असतो व शक्ती देत असतो. तो पाण्याचे अपत्य होतो तेव्हा पाणी फोडावे लागते व त्यासाठी शक्ती द्यावी लागते. दिलेली शक्ती मिळालेल्या शक्तीहून कधीही कमी असत नाही. पाणी हे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे, असे म्हटले तरी चालेल. राखेतून पुन्हा लाकूड करता येईल, पण त्याला आधीच्या जाळाहून अधिक जाळ लागेल. ज्यूल्स व्हर्न याने १८७०–८० च्या दशकातील आपल्या ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत पाणी हा भविष्यातील कोळसा ठरेल अशी कल्पना एका पात्राच्या तोंडी घातली, तेव्हा विद्युत्प्रवाहाने पाण्याचे विघटन होते हे निकल्सन व कार्लाइल यांच्या १८०० सालच्या प्रयोगामुळे सुशिक्षितांस ठाऊक होते. ती वीज कोठून आणावयाची हा प्रश्न कादंबरीत टाळता येतो. हायड्रोजनवर गाडी ढकलण्याचा पहिला यशस्वी म्हणता येईल असा प्रयत्न त्याहीपूर्वी, १८०७ मध्ये, फ्रान्स्वा इझाक द रिव्हाझ याने केला होता. त्याच्या गाडीवर वायूची पिशवीच बांधलेली होती आणि विजेच्या ठिणगीने वायू पेटविला जाई. त्याने कोणासही ‘ही गाडी पाण्यावर चालते’ असे सांगितले नाही.

महाराष्ट्रात पेट्रोलची मोटार दुसऱ्या इंधनावर चालविण्याचा पहिला व्यापक अनुभव दुसऱ्या महायुद्धाने दिला. हिंदुस्थानात १९४१ मध्ये पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेश जपानच्या हाती जाताना तेथील तेलविहिरी माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनीच एप्रिलमध्ये निकामी केल्या, आणि या देशाचा जवळचा तेलपुरवठा तुटला. त्या काळी एस. टी. नव्हती. मुंबई राज्याच्या सरकारी वाहतुकीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली ती १ जून १९४८ रोजी. तोवर प्रवासी वाहतूक खाजगी मोटारमालकांच्या हाती होती, आणि त्यांच्यापुढे धंदा बंद करणे किंवा मोटारीच्या पाठीशी कोळशाची भट्टी बसविणे एवढेच पर्याय उरले. त्या पिढीच्या आठवणींत ‘कोळशावरची मोटार’ म्हणून जे वाहन येते ते हेच. मागे लोखंडी पिंप, त्यातून निघालेला नळ, मध्ये गाळण्या, आणि सकाळी पंखा फिरवून निखारे फुलविणारा क्लीनर असे त्याचे रूप असे.

या भट्टीत कोळसा पूर्ण जळू दिला जात नसे. अपुऱ्या हवेत तो धुमसला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू तयार होतो. आणि निखाऱ्यांतून पाण्याची वाफ गेली तर वाफेतील ऑक्सिजन कोळसा घेतो व हायड्रोजन मोकळा होतो. कोळशात मुळातच काही ओल असते. कित्येक संयंत्रांत याखेरीज थेंब थेंब पाणी सोडण्याची व्यवस्थाही होती. तेव्हा पाण्यापासून मिळविलेला हायड्रोजन जाळून पेट्रोल वाचविणे हा प्रकार या प्रांतातील रस्त्यांवर ऐंशी वर्षांपूर्वीच घडून गेला आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. पण तेव्हाच्या बोलीने त्या मोटारीला ‘पाण्यावरची’ न म्हणता ‘कोळशावरची’ म्हटले, आणि हे नामकरण शास्त्रशुद्ध होते. पाणी फोडण्याची शक्ती निखारा देत होता. पाणी जास्त सोडले तर निखारा विझत असे, आणि हिशेब कोणत्या बाजूने फाटतो हे ड्रायव्हरला पुस्तकावाचून कळत असे.

या वायूत निम्म्याहून अधिक भाग निरुपयोगी नायट्रोजनचा असतो. त्यामुळे पेट्रोलसाठी बनविलेल्या इंजिनाची शक्ती तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक घटे. सपाटीवर ते निभावून जाई. बोरघाटासारख्या चढणीवर त्याचा अर्थ काय होत असेल याची कल्पना करणे अवघड नाही. एक लिटर पेट्रोलचे काम करण्यास सव्वा ते दीड किलो लोणारी कोळसा लागे, गाळण्या रोज झाडाव्या लागत, आणि कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत जीवघेणा ठरे. कोळसा येई तो सह्याद्रीच्या रानांतून. कुलाबा व ठाणे जिल्ह्यांत कोळशाच्या भट्ट्यांवर राबणारा वर्ग मुख्यतः कातकऱ्यांचा होता. पेट्रोलची बचत म्हणून जी नोंद झाली तिच्या दुसऱ्या बाजूस रान व कातकऱ्यांची मजुरी हे दोन आकडे असावयास हवेत. ते मोटारमालकांच्या वह्यांत नव्हते. युद्ध संपून पेट्रोल सुलभ झाले तसा हा सारा संसार भंगारात गेला. त्याच युद्धात वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये बोरिस शेलिश्च या तंत्रज्ञाने १९४१ साली विमानविरोधी फुग्यांतून उतरविलेला अशुद्ध हायड्रोजन मालमोटारींच्या इंजिनांस जोडला होता. तेथेही वायू आयता उपलब्ध होता म्हणूनच ते साधले.

आता ठोकरवाडीकडे वळावयास हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कापडगिरण्या दूरवरून आणलेल्या कोळशावर चालत. घाटमाथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवून, तो कोकणच्या पायथ्याशी नळांतून उतरवून वीज करावी ही योजना जमशेटजी टाटांच्या मनाने घेतली; त्यांच्या निधनानंतर, १९१० मध्ये, टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली आणि लोणावळ्याच्या धरणांचे पाणी खोपोलीस उतरून १९१५ पासून गिरण्यांस वीज मिळू लागली. मागणी वाढताच १९१६ मध्ये दुसरी कंपनी स्थापन झाली, तिचे नाव ‘आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी’. आंद्रा नदीचे इंग्रजी लेखन असे झाल्यामुळे पुढील अनेकांस तिचा संबंध तेलुगू प्रांताशी असावा असे वाटले. एका महाप्राणाने खोऱ्याचा पत्ताच बदलला! ठोकरवाडीचे धरण उभे राहून १९२२ मध्ये भिवपुरीच्या वीजघरातून पुरवठा सुरू झाला. निसर्गतः इंद्रायणी, भीमा, कृष्णा या मार्गाने पूर्वसमुद्रास जाणारे पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून पश्चिमेस उतरू लागले.

जलविद्युतेस त्या काळी ‘पांढरा कोळसा’ म्हणत. फ्रान्समध्ये आरिस्तीद बर्जेस याने हिमपर्वतांतील पाण्याबद्दल हा शब्द रूढ केला आणि तो जगभर फिरला. नवी शक्ती ओळखीची व्हावी म्हणून तिला जुन्या इंधनाचे नाव व वर एक रंग द्यावयाचा, ही नामकरणाची रीत येथे स्पष्ट दिसते. पण रूपक म्हणूनही हा शब्द फसवा आहे. कोळसा जळून संपतो; आंद्रेचे पाणी भिवपुरीस उतरून तसेच वाहते राहते. संपते ती घाटाची उंची, आणि ती दर पावसाळ्यात सूर्य पुन्हा भरून देतो.

ही उंची किती मोलाची आहे ते आकड्यांनी पाहावे. घाटमाथा ते पायथा हा उतार पाचशे मीटर धरला, तर एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी खाली येताना सुमारे १.३६ युनिट शक्ती मोकळी होते. यंत्रांतील घट वजा जाता साधारण १.१५ युनिट वीज हाती येते. उलटपक्षी एक किलो हायड्रोजन मिळविण्यास सुमारे नऊ लिटर पाणी फोडावे लागते आणि आजच्या चांगल्या विद्युत्-विघटन यंत्रांस त्यासाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. दोन्ही आकडे एकत्र मांडले म्हणजे असे दिसते की नऊ लिटर पाण्यातील हायड्रोजन वेगळा करण्यासाठी घाटावरून सुमारे पंचेचाळीस हजार लिटर पाणी उतरवावे लागेल. ‘पाण्यावर चालणारी गाडी’ असे म्हणावयाचेच असेल तर ते या पंचेचाळीस हजार लिटरांना उद्देशून म्हणावे, त्या नऊ लिटरांना नव्हे.

आणि हे पाणी साठवावयाचे तर जमीन बुडवावी लागते. खोऱ्याच्या तळाची भातखाचरे हीच मावळ्याची खरी मालमत्ता. जलाशय नेमका तेथेच पसरतो. याच कंपनीसमूहाची तिसरी योजना मुळशी पेट्यात आली तेव्हा १९२१ च्या रामनवमीस तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नावांशी निगडित असलेला हा लढा १९२४ पर्यंत चालला, दडपला गेला, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुळशीचा इतिहास सत्याग्रहामुळे लिहिला गेला. आंद्रेच्या खोऱ्यास तसा इतिहासकार मिळाला नाही. गिरणीमालकाच्या कोळशाची बचत आणि मुंबईकराच्या आकाशातील धूर कमी होणे हे लाभ खरे होते. त्यांची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या घरांत वीज मात्र फार उशिरा पोहोचली. इंधनाच्या बचतीचा कोणताही दावा तपासताना हिशेबाची सीमा कोठे आखली आहे, हे पाहणे अवश्य ठरते ते यासाठी. गिरणीच्या फाटकापाशी आखली तर पाणी फुकट. ठोकरवाडीपाशी आखली तर नाही.

मोटारींच्या क्षेत्रात ‘किट’ हा शब्द मराठीत रुळला तो नैसर्गिक वायूमुळे. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाल्यावर मुंबईच्या टॅक्सी व रिक्षा, आणि पुढे पुण्याच्या रिक्षा, सी. एन. जी. कडे वळल्या. पेट्रोलची गाडी गॅरेजात न्यावी, डिकीत सिलिंडर व इंजिनापाशी काही नळ्या बसवून आणाव्यात आणि दुसऱ्या दिवसापासून खर्च निम्म्यावर यावा, असा प्रत्यक्ष अनुभव हजारो चालकांच्या पदरी जमा झाला. हा अनुभव खरा होता, म्हणूनच ‘पाण्याचे किट’ या शब्दास उसनी पत मिळाली. एका किटने पैसे वाचतात हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसास दुसऱ्या किटविषयी शंका का यावी? या दोहोंतील भेद एवढाच की सिलिंडरातील वायू बाहेरून शक्ती घेऊन येतो, बाटलीतील पाणी काहीच घेऊन येत नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या किटात बॅटरीवर चालणारी एक लहान विघटन-कुपी असते आणि तीत तयार होणारा हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा मिश्र वायू इंजिनाच्या हवेत सोडला जातो. नमुन्यादाखल हिशेब करू. बारा व्होल्टवर वीस अँपिअर म्हणजे २४० वॅट. त्यातून वायूच्या रूपाने फार तर १४५ वॅट शिल्लक राहतात. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी व लिटरला पंधरा किलोमीटर देणारी मोटार त्याच वेळी पेट्रोलच्या रूपाने सुमारे ३५,००० वॅट खात असते. म्हणजे वायूची भर अर्ध्या टक्क्यालाही पोहोचत नाही. पण ते २४० वॅट आले कोठून? ते इंजिनाने पट्ट्यावरून जनित्र फिरवून दिले. जनित्रातील व इंजिनातील घट धरता त्यासाठी सुमारे १,७५० वॅटचे पेट्रोल अधिक जळते. हे झाले पाच टक्के. पाच टक्के घालून अर्धा टक्का मिळविण्याचा हा व्यवहार कोळशावरच्या मोटारीच्या क्लीनरनेही नाकारला असता.

तरीही किट बसविलेले लोक बचत झाली असे प्रामाणिकपणे सांगतात, आणि त्यांस खोटे ठरविण्याची घाई करू नये. किट बसविताना इंजिनाची साफसफाई होते, प्लग बदलतात, टायरांत हवा भरली जाते. चालक काटा पाहत हलक्या पायाने गाडी हाकतो. काही किटांबरोबर ऑक्सिजन-मापकाचा संकेत बदलणारे एक लहान उपकरण येते. त्यामुळे इंजिनास नेहमीपेक्षा विरळ मिश्रण मिळते. बचत झालीच तर ती येथून होते, आणि तिचा भुर्दंड इंजिन तापण्याच्या रूपाने मागाहून येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मान्यतेवाचून असे बदल करण्यास मनाई केली आहे. सी. एन. जी. चे संच ज्या चाचण्यांतून जातात त्या चाचण्यांपासून पाण्याचे किट दूर राहते ते याच कारणाने.

पाण्याच्या गाडीचा दावा कोणत्याही एका देशाची मिरास नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातील स्टॅन्ली मेयर याने अशीच गाडी दाखविली. १९९६ मध्ये तेथील न्यायालयाने दोन गुंतवणूकदारांच्या दाव्यात ती उघड फसवणूक असल्याचा निर्णय देऊन पैसे परत करण्याचा हुकूम केला. जपानमधील जेनेपॅक्स या कंपनीने २००८ मध्ये एक मोटार मांडली व पुढल्या वर्षी गाशा गुंडाळला. २०१२ मध्ये पाकिस्तानात आगा वकार अहमद याच्या ‘वॉटर किट’ने मंत्र्यांस व नामवंत शास्त्रज्ञांसही काही आठवडे मोहिनी घातली, तेव्हा तेथील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांस ऊष्मागतिकीचे नियम दूरचित्रवाणीवर समजावून सांगावे लागले. ही उदाहरणे पाहता एक गोष्ट ध्यानी येते. पेट्रोलची महागाई व आयातीची लाचारी ज्या समाजास जाचते तेथे हा दावा देशाभिमानाचा वेष घेऊन येतो, आणि शंका घेणारा परकीय तेलकंपन्यांचा हस्तक ठरतो. शंकेस अशा रीतीने नीतीच्या कक्षेत ओढले की आकड्यांस कोणी विचारीत नाही.

याचा अर्थ हायड्रोजनवर मोटार चालत नाही असा मुळीच नव्हे. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि के. पी. आय. टी. ही पुण्यातील कंपनी यांनी मिळून घडविलेल्या इंधनघटाची चाचणी एका मोटारीवर झाली. मुळात बॅटरीवर चालणाऱ्या एका प्रवासी मोटारीत तो दहा किलोवॅटचा घट व हायड्रोजनची टाकी बसविण्यात आली होती. टाकीत सुमारे ३५० बार दाबाखाली पावणेदोन किलो वायू मावे व त्यावर मध्यम वेगाने सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर जाता येईल असा अंदाज वर्तविण्यात आला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये याच प्रयत्नांतून तयार झालेली बस पुण्यात केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते लोकांपुढे आली. येथे हायड्रोजन ठिणगीने जळत नाही. विल्यम ग्रोव्ह याने १८४० च्या सुमारास दाखविल्याप्रमाणे तो ऑक्सिजनशी शांतपणे संयोग पावून वीज देतो आणि धुराड्यातून पाण्याची वाफ बाहेर पडते. या गाड्या लाव्हाझिएच्या अर्थाने हायड्रोजनच्या आहेत: पाणी त्यांच्या शेवटी येते, आरंभी नाही.

त्या टाकीतील पावणेदोन किलो वायू पाणी फोडून मिळवावयाचा, आणि त्यासाठी लागणारी वीज घाटावरून घ्यावयाची, असे मानले तर विघटन होते पंधरा-सोळा लिटर पाण्याचे, पण उतरवावे लागते जवळजवळ ऐंशी हजार लिटर. शिवाय खर्ची घातलेल्या विजेपैकी साधारण एक-तृतीयांशच चाकापर्यंत पोहोचते. तीच वीज सरळ बॅटरीत भरली असती तर तीन-चतुर्थांशाच्या आसपास पोहोचली असती. लांब पल्ल्याच्या जड वाहनांत वजन व वेळ यांचा विचार निराळा पडतो, त्यामुळे बसचा पक्ष मोटारीपेक्षा बळकट आहे. जगात आज वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन मात्र पाणी फोडून नव्हे, तर नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून काढला जातो. त्यात वाफ लागते ती युद्धकाळातील भट्टीत लागत असे त्याच न्यायाने. भारत सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे व २०३० पर्यंत वर्षास पन्नास लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. ‘पांढरा कोळसा’ गेला, ‘हरित हायड्रोजन’ आला. विशेषणाच्या जागी पुन्हा रंगच बसला. या वेळी मात्र रंग वायूचा नसून वायू ज्या विजेने वेगळा केला तिचा आहे. हायड्रोजन स्वतः रंगहीन आहे, पण त्याची वंशावळ विचारणारे हे विशेषण ‘पाण्यावर चालणारी’ या विशेषणाहून प्रामाणिक म्हणावे लागेल.

आंध्र व्हॅली कंपनी २००० साली टाटा पॉवरमध्ये विलीन झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या कंपनीने महाराष्ट्र शासनाशी जो करार केला त्यात भिवपुरी येथे १,००० मेगावॅट व मावळातच शिरवता येथे १,८०० मेगावॅट क्षमतेच्या उदंचन योजना आहेत. अशा योजनेत विजेची चणचण असेल तेव्हा पाणी खाली सोडावयाचे, आणि वीज जास्त असेल तेव्हा तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवावयाचे असते. दर फेरीस वीस ते पंचवीस टक्के शक्ती वाटेत नाहीशी होते, आणि हा आकडा योजनेच्या खर्चात आरंभापासूनच धरलेला असतो.